बिनवासाचा चिखल

१

नळीतल्या चिखलाला वास येत नव्हता.

मी झाकण पूर्ण काढलं आणि नाक अगदी जवळ नेलं. ओल्या पाटीला येतो तेवढा मातकट वास. बाकी काही नाही.

"झालं का समाधान?" डॉ. पुरुषोत्तम खांबेटे कोल्ड रूमच्या दाराशी उभे होते. "उत्तरा, ती पोरगी तुझ्या घरात राहते, तुझं ऐकते. तिला एवढंच समजाव, की चूक कबूल केलीस तर कमिटी थोडी दया दाखवेल."

"यातला थोडा घेऊन जाऊ का, सर? आमच्या लॅबमध्ये बघते."

"ने की. बरणीभर ने." ते हसले. "पेनसिल्व्हेनियाच्या लॅबने बघितलाय, आता तुझ्या रंगवाल्यांनाही बघू दे."

मी न्यू जर्सीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. सर विद्यापीठात मोठे प्रोफेसर. आपला शब्द अखेरचा असतो याची त्यांना इतकी सवय झाली होती, की बरणी त्यांनीच मला काढून दिली.

चिखल योकोहामाचा होता. तिथे समुद्रालगत जहाजं बांधण्याची एक जुनी गोदी होती. ती हलवून तिथे नवं शहर वसवायचं चाललं होतं: काचेचे मनोरे, संग्रहालय, पाण्याकाठी फिरायला लांब रस्ता. गोदीच्या तळाचा गाळ उपसून त्याचा भराव घालायचा आणि त्यावर मुलांसाठी बाग करायची, असा बेत होता. गाळ निर्धोक आहे ना, हे तपासायला त्याचे नमुने लांब नळ्यांमध्ये सीलबंद होऊन सरांच्या लॅबमध्ये आले होते.

सरांची विद्यार्थिनी रेखा हिने उन्हाळाभर ते तपासले. तिला तांबं, कथिल आणि पारा सापडला, आणि तोही थोडाथोडका नाही. जहाजाच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून जो विषारी रंग लावतात, त्यात हे असतं. ते पुसट होत नाही, जिरत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. मग सरांनी उरलेल्या नळ्यांमधला चिखल पेनसिल्व्हेनियाच्या एका लॅबकडे पाठवला. तिथून उत्तर आलं: तांबं नाही, कथिल नाही, पारा नाही. थोडं शिसं आहे, तेही मधूनमधून.

रेखाने आकडे मनाने लिहिले, असं सरांनी विद्यापीठाच्या चौकशी कमिटीला कळवलं. सोमवारी सुनावणी होती. आरोप शाबीत झाला, की विद्यापीठ संपलं, व्हिसा संपला, आणि सांगलीला जाऊन आई-वडिलांना तोंड दाखवायचं. लबाड म्हणून.

रेखा माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. उन्हाळाभर ती संध्याकाळी आली, की मी तिला सरळ घरात घेत नसे. गॅरेजमध्ये कपडे बदलायचे, ते तिथेच भिजवायचे, मग आत यायचं. कुजक्या अंड्याचा तो वास तिच्या केसांना, पर्सला, हातातल्या पुस्तकांनासुद्धा असायचा.

"बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसतच नाही, उत्तरामावशी," ती म्हणायची. "एकदम प्रायव्हेट लिमोझिन!"

आकडे मनाने लिहिता येतात. तसा वास कुणाला मनाने आणता येत नाही. आणि समुद्राचा काळा चिखल बंद नळीत, थंडीत ठेवला म्हणून सज्जन होत नाही.

माझ्या हातातल्या नळीत योकोहामाचा चिखल नव्हताच.

२

कोल्ड रूमची किल्ली तिघांकडे होती: सर, रेखा आणि गिरीश. शिवाय चंद्रशेखर दातार. ज्या न्यू यॉर्कच्या फर्मने नळ्या पाठवल्या, तिचे ते इंजिनियर. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीनंतर ते पाहुण्यांना लॅब दाखवायला आले होते आणि किल्ली दिवसभर त्यांच्या खिशात होती.

गिरीश नागपूरचा. रेखाच्या बरोबरीने पीएच.डी. करणारा. रेखा गेली तर तिचा प्रोजेक्ट त्यालाच मिळणार, हे लॅबमधल्या फरशीलासुद्धा ठाऊक होतं.

"मीच केलं असं वाटतंय ना तुम्हाला, ताई?" मी खुर्ची ओढायच्या आत तो म्हणाला.

"रेखाला तसं वाटत नाही."

"तिचं काय सांगता! तिला कुणीच वाईट वाटत नाही. म्हणून तर फसली."

त्याच्या टेबलावर उदबत्तीचा पुडा होता. आसपास देवाची तसबीर दिसेना. मी पुड्याकडे बघितलेलं त्याने पाहिलं.

"देवासाठी नाही, चिखलासाठी. अरे बापा, तो वास! रेखा नळी उघडायची आणि मी चंदन पेटवायचो. तरी डोकं उठायचंच. सर ओरडायचे, लॅबमध्ये धूर कशाला करता, राजकुमार आहात का? आणि स्वतः तिथेच उभं राहून अंड्याचं सँडविच खायचे. मी तर बाहेर पळायचो, ताई. सिरियसली."

"नळ्या पेनसिल्व्हेनियाला गेल्या तेव्हा त्यातला चिखल कुणी काढून दिला?"

"सरांनी स्वतः. मला आणि रेखाला हातच लावू दिला नाही. फेअर प्ले म्हणे."

चंद्रशेखर ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात एका नव्या उपाहारगृहात भेटले. उंची सूट, आणि समोसा खाताना टाय खांद्यावर टाकलेला.

"खोटं कशाला बोलू, उत्तराबाई? चिखल क्लीन निघायला हवाच होता मला. घाण निघाला असता तर प्रोजेक्ट लांबला असता आणि बॉसने माझं डोकं खाल्लं असतं."

"तो वर काढताना तुम्ही होता?"

"गाळ काढायच्या बार्जवर उभा होतो ना! समोर सगळी जुनी लाल विटांची गोदामं, मागे क्रेन्स, सकाळची वेळ, काय सुंदर दिसत होतं. पहिली नळी वर आली आणि मी जो कठड्यावर वाकलो, तो वाकलोच. नाश्ता सगळा समुद्रात. तिथला जपानी इंजिनियर इतका सभ्य, की माझ्याकडे पाठ करून त्याने हवेबद्दल बोलायला सुरुवात केली." त्यांनी समोसा खाली ठेवला. "आता आठवलं तरी जेवण जात नाही बघा. का विचारता?"

"तुम्हाला चिखल बदलायचा असता, तर कुठला घातला असता?"

त्यांनी टाय खांद्यावरून खाली ओढला. मग हळू आवाजात म्हणाले, "बदललाय?"

३

शनिवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. कांचनकाकूंनी बोलावलंच होतं. त्यांच्याकडे एकदा गेलं, की खाल्ल्याशिवाय कुणी सुटत नसे.

दिवाणखान्यात योकोहामाच्या त्या किनाऱ्याचं पुठ्ठ्याचं पांढरंशुभ्र मॉडेल काचेखाली ठेवलेलं होतं. सरांनी बटण दाबलं. इवल्या खिडक्यांमधून उजेड आला.

"ही सुकी गोदी. इथे झाडं येतील. ही मुलांची बाग. आणि हे," पाण्याला लागून असलेल्या एका गोल इमारतीवर त्यांनी बोट ठेवलं, "समुद्र-संशोधन केंद्र."

"रिटायर झाल्यावर तिथे डायरेक्टर होणार आहेत," काकू ताट घेऊन येत म्हणाल्या. "म्हणजे मी इथे एकटी, आणि हे तिथे कच्चे मासे बघत."

"कांचन, अजून काही ठरलेलं नाही."

"मग सूट का शिवून आणलात?"

ताटात अळूवड्या होत्या. पानं परसातली. अमेरिकेत तेव्हा अळू विकत मिळत नसे. काकू दर उन्हाळ्यात कंद लावायच्या आणि थंडी पडायच्या आत संपवायच्या. मी दोनदा मागून खाल्ल्या. सरांनी त्याहून जास्त.

"तुम्ही घ्या ना, काकू."

"मी एक वेळ जेवते गं सध्या. गणपतीपासून." त्यांचा चेहरा उतरला. "यंदा माझ्या हातून काहीतरी चुकलं. मूर्ती मीच करते ना, क्राफ्टच्या दुकानातली माती आणून. आरती, नैवेद्य, सगळं नीट. आणि विसर्जनानंतर मातीच नासली. असं कधी झालं नव्हतं."

"माती नासत नाही," सर चष्मा पुसत म्हणाले. "दूध नासतं."

"तुम्ही गप्प बसा. गणपती येतो तेव्हा तोंड फिरवून पेपर वाचता, तुम्हाला काय कळतंय?"

"मी सायंटिस्ट आहे. त्या कोनाड्याकडे मी पाहत नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलंय आपलं."

काकू मला देवघर दाखवायला घेऊन गेल्या. कपाटाच्या एका कप्प्यात मांडलेलं, स्वच्छ, नेटकं. पितळेच्या डब्या ओळीने: हळद, कुंकू, अष्टगंध, शेंदूर. सर तोवर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसले होते. काकू नाशिकच्या माहेराबद्दल सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"अगं बाई, दूध!"

आम्ही धावलो. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं होतं, भांड्याचा तळ काळा झाला होता, घसा खवखवेल इतका वास कोंदला होता. शेगडीपासून हातभर अंतरावर सर संपादकीय वाचत होते.

त्यांनी वर पाहिलं. "काय झालं?"

४

त्याच रात्री बरणीतल्या चिखलाचा चिमूटभर भाग मी आमच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरला. राखाडी, एकसारखी, बारीक माती. एकही शिंपला नाही, शिंपल्याचा तुकडाही नाही. खारट होती, पण तो खारेपणा साध्या मिठाचा होता. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर जे इतर क्षार असतात ते नव्हते. कुणीतरी स्वयंपाकघरातलं मीठ घातलं होतं.

आणि मग केशरी ठिपके दिसले.

तपासल्यावर कळलं ते शिशाचं संयुग होतं, शेंदरी रंगाचं. लोखंड गंजू नये म्हणून जहाजांना त्याचाच पहिला हात देतात. गोदीत ते सापडलं तर कुणालाच नवल वाटणार नाही. पेनसिल्व्हेनियाच्या लॅबलाही वाटलं नव्हतं.

पण रंगात मी आयुष्य घालवलंय. जहाजावरून पडतो तो रंगाचा टवका असतो: थरावर थर, तेलात वाळलेला, पाठीला गंज चिकटलेला. हे तसं नव्हतं. ही सुटी भुकटी होती, कधीही रंग न झालेली. शिवाय ज्या गोदीत शिसं आहे पण तांबं नावाला नाही, अशी गोदी जगात नाही.

सुट्या भुकटीच्या रूपात हा पदार्थ आपल्याला कुठे दिसतो?

मी रेखाला बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. तिने डोळा लावला आणि पटकन मागे झाली.

"मावशी, हा शेंदूर आहे."

"हो."

"जपानमध्ये शेंदूर?"

"जपानमध्ये नाही. न्यू जर्सीत. मातीच्या गणपतीला लावलेला."

तिने पुन्हा डोळा लावला. मग म्हणाली, "इथे मातीची मूर्ती एकच घर करतं." आणि लगेच, "नाही. काकू असं नाही करणार."

"काकूंना नळी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? त्यांच्याकडे माती होती, किल्ली नव्हती."

"गिरीश गणपतीला होता. दातारकाकाही होते. विसर्जनाच्या मातीची बादली त्यांच्या गॅरेजमध्ये उघडीच असते, कुणीही माती नेली असेल."

"नेली असेल. पण ज्याने नेली त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. गिरीश त्या वासापायी उदबत्त्या जाळायचा. दातार बार्जवर ओकले. तू केस दोनदा धुवायचीस. तुमच्यापैकी कुणालाही खोटा चिखल करायचा असता, तर पहिली काळजी कशाची वाटली असती?"

"वासाची," ती सावकाश म्हणाली.

"याने रंग जुळवला, मऊपणा जुळवला, खारटपणासुद्धा जुळवला. यंत्राला जे कळतं ते सगळं. वास जुळवला नाही, कारण वास नावाची गोष्ट त्याच्या जगातच नाही."

रेखाने दोन्ही हात तोंडावर धरले. तिने ते अंड्याचं सँडविच पाहिलेलं होतं.

"सर?" तिचा आवाज फुटला. "मावशी, मला पहिल्या दिवशी एअरपोर्टवर घ्यायला आले होते ते. थंडीचा कोट त्यांनी दिला मला."

माझ्या डोक्यात काकूंचं एक वाक्य फिरत होतं: मातीच नासली.

"रेखा," मी म्हणाले, "खरा चिखल कुठे गेला असेल?"

५

रविवारी सकाळी काकू परसात होत्या. आम्हा दोघींना पाहून त्यांनी हात पुसले.

"काकू, विसर्जनानंतर मातीचं काय करता?"

"विरघळली की गॅरेजमधल्या बादलीत निवळू देते. मग अळवात घालते. देवाची माती, पायदळी यायला नको. का गं?"

"यंदा नासली म्हणजे काय झालं?"

त्या ओशाळल्या. "सांगायलाही लाज वाटते. काळीकुट्ट झाली होती. आणि वास... हिंगाच्या डब्यात गटार शिरावं तसा. मला वाटलं, देव रागावला. तरी टाकवेना, अळवातच घातली. वर पालापाचोळा पसरला, म्हणून आता येत नाही."

रेखा वाफ्याशी गुडघ्यावर बसली आणि तिने पाला बाजूला करून खुरपं मारलं. खालून तो वास उसळला. उन्हाळाभर माझ्या गॅरेजमध्ये मुक्कामाला असलेला तोच वास, समुद्र ओलांडून आलेला. काळ्या ढेकळात शिंपल्याचा पांढरा तुकडा चमकत होता. काल मी मागून खाल्लेल्या अळूवड्यांची पानं याच मातीतली होती. काकूंनी पदर नाकाला लावला.

मागचं दार उघडून सर आले. हातात पेपर होता. ते आले ते थेट वाफ्यापाशी, उकरलेल्या ढिगाऱ्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

"सकाळी सकाळी बागकाम? रेखा, उद्या सुनावणी आहे, तयारी झाली का?"

आम्ही तिघी नाक धरून होतो. ते आमच्याकडे आळीपाळीने बघू लागले.

"काय झालंय?"

"सर, वास येतोय," मी म्हणाले.

"कसला वास?"

काकू म्हणाल्या, "त्यांना नाही यायचा गं. सायनसचं ऑपरेशन झालं तेव्हापासून काहीच येत नाही. कुणाला सांगू देत नाहीत. केमिस्टला नाक नाही म्हटलं तर लोक हसतील म्हणे."

सरांनी खाली पाहिलं. शिंपल्याचा तुकडा त्यांना दिसला असावा. पेपराची घडी त्यांनी उगीचच आणखी लहान केली.

मी सगळं सांगितलं, काकूंना कळेल अशा शब्दांत. केंद्राचा डायरेक्टर व्हायचं तर आधी केंद्र उभं राहायला हवं, आणि ते उभं राहायचं तर चिखल स्वच्छ निघायला हवा. घरातच बादलीभर स्वच्छ, बारीक, राखाडी माती होती. ती नळ्यांत गेली, आणि नळ्यांतला चिखल बादलीत आला. रिकामी बादली दिसली असती तर काकूंनी चार जणांना विचारलं असतं. भरलेली असली, की कुणी विचारत नाही.

"मूर्तीला शेंदूर असतो, हे मात्र तुम्हाला माहीत नव्हतं, सर. तुम्ही तिकडे कधी पाहिलंच नाही. आणि ती माती कुठे जाते, तेही काकूंना कधी विचारलं नाही."

"हे सगळे तर्क आहेत," सर म्हणाले. आवाज वर्गात असतो तसाच होता. "आणि समजा, असेल थोडं तांबं-पारा. भरावाखाली पुरलं जातं. जगातल्या कुठल्या बंदरात नाही? एवढ्यासाठी एवढं मोठं काम अडवायचं?"

"त्यावर मुलं खेळणार होती," रेखा म्हणाली.

"तू अजून लहान आहेस. एका डिग्रीने काय होतं? मी तुला दुसरीकडे चिकटवून दिलं असतं. मी तुझ्यासाठी काही कमी केलंय का?"

तो कोट, तो एअरपोर्ट, सगळं त्यांनी असं हिशेबाला काढलं, आणि मला समोरच्या चिखलापेक्षा त्या वाक्याची जास्त शिसारी आली. रेखा पिशवीतून काचेच्या बरण्या काढून एकेक भरू लागली. तिचे हात स्थिर होते. त्या बरण्यांत तांबं, कथिल आणि पारा निघणार, ती उद्या त्या कमिटीपुढे ठेवणार आणि मोकळी होणार, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

काकू इतका वेळ वाफ्याकडेच बघत होत्या.

"म्हणजे देव रागावला नव्हता," त्या म्हणाल्या.

"कांचन, आत चल."

"मी उपाशी राहिले. तुमच्यासमोर बसून, रोज. तुम्ही मला म्हणालात, माती नासत नाही." त्यांनी श्वास घ्यायला पदर नाकावरून काढला, आणि त्या वासात तशाच उभ्या राहिल्या. "आणि हे अळू मी काल उत्तराला वाढलं. तुम्हालाही वाढलं."

सरांचा हात पोटाशी गेला. त्या क्षणी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं. ते पश्चात्तापासारखं नव्हतं. भेसळ झाल्याचं कळल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

काकूंनी अळूचा एक कंद मुळासकट ओढून काढला, बाजूला टाकला. मग दुसरा. हिरवीगार, तळहाताएवढी पानं चिखलात उलटी पडत गेली. सगळा वाफा मोकळा झाल्यावर त्या नळाशी गेल्या आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि पुन्हा धुतले.

सर दारात उभे होते. त्या त्यांच्या बाजूने निघून आत गेल्या. खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"रेखा, त्या बरण्या झाल्या की आत ये गं. पोळ्या लाटायला घेते आहे. आज मी दोन्ही वेळ जेवणार आहे."